आज ऑन-कॉल कोण?

घरात लहान मुलं असताना कोणी अभ्यासाला बसलं, की आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात: "मोटिव्हेटेड राहा." पहाटे चारला उठ. ध्येय कागदावर लिहून भिंतीला चिकटव. यशस्वी लोकांचे व्हिडिओ बघ. मोबाईल लांब ठेव. (मोबाईल लांब ठेवून व्हिडिओ कसे बघायचे, ते सल्ला देणाऱ्यालाच माहीत. :) )

मंडळी, या विषयावर माझं मत जरा वेगळं आहे, आणि या शनिवारी तेच लिहायला बसलोय. मला वाटतं, अशा लोकांकडे मोटिव्हेशन भरपूर असतं. कमी पडतात ते तास. आणि तास काही भाषणातून मिळत नाहीत. ते घरातल्या दुसऱ्या कोणालातरी स्वतःच्या दिवसातून काढून द्यावे लागतात.

हे सुचलं ते आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकांकडे बघून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना भंडारा म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाताना लागणारं एक गाव एवढंच माहीत असेल. सात तालुक्यांचा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि आम्ही आणखी लहान झालो. इथे घरात एक पक्की नोकरी असणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईत वाढलेल्याला पटकन कळायचं नाही. आणि ती पक्की नोकरी बऱ्याच घरांत जिल्हा परिषदेच्या शाळेतली असते.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची निवृत्तीपर्यंत पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून कमी राहिलीत त्यांना सूट, पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही परीक्षा द्यावीच लागेल. टीईटीची अट २०१० मध्ये आली आणि महाराष्ट्रात पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली. त्याआधी लागलेल्या कोणालाही आपल्याला कधी ही परीक्षा द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं. निकाल बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे, त्यावर भांडायला दुसरा वीकएंड घेऊ. माझा मुद्दा एवढाच, की एका दिवसात हजारो नोकरदार माणसं पुन्हा विद्यार्थी झाली. त्यांत कितीतरी जणी अशा, की ज्यांच्या मांडीवर स्वतःचं मूल आहे.

माझी चुलत बहीण त्यातलीच एक. २०१० च्या भरतीत शिक्षणसेवक म्हणून लागली. राहायला लाखनीत, शाळा साकोली तालुक्यातल्या एका गावात. मोठा पाच वर्षांचा, धाकटी दोन वर्षांची. सकाळी डबे, मग स्कूटीवरून शाळा. घरी यायला सहा. मग स्वयंपाक, मोठ्याचा अभ्यास, धाकटीचं खाणं, भांडी. दोन्ही पोरं झोपेपर्यंत दहा. फोनवर मी विचारलं, "ताई, अभ्यास कधी करतेस?" तर म्हणाली, "पोरगी झोपली का बसतो मी अभ्यासाले. पण तिच्या आधी मलेच झोप लागते रे बाबू." (आमच्याकडे बाया "मी बसतो"च म्हणतात, टायपो नाही.)

आता या बाईला मोटिव्हेशनचा व्हिडिओ पाठवायचा? पंधरा वर्षांची नोकरी पणाला लागलीये. गृहकर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो. यापेक्षा जास्त मोटिव्हेशन कुठल्या वक्त्याकडे मिळणार आहे?

ताईने २३ नोव्हेंबर २०२५ ची परीक्षा दिली. कोर्टाचा निकाल ते परीक्षा, मध्ये तीन महिन्यांहून कमी. त्यात दिवाळी, धानाची कापणी-मळणी, आणि नगरपरिषदांच्या निवडणुकांची धामधूम. सासू-सासरे एरवी मदतीला असतात, पण कापणीच्या दिवसांत ते गावी शेतावर. पेपर एक म्हणजे १५० प्रश्न, १५० मिनिटं. पाच विभाग, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, म्हणजे ९०. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. ताईला ९० हवे होते, मिळाले ८६.

घरात सगळ्यांनी हळहळ केली आणि पुन्हा तेच. "अजून थोडी जिद्द हवी होती." मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे मी आधी लॉग बघतो. विभागवार गुण असे होते: बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र २२, मराठी २४, इंग्रजी १५, परिसर अभ्यास १६ आणि गणित ९.

गणितात ९! टीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. चार पर्यायांतला कुठलाही एक डोळे मिटून लावत गेलं तरी ३० प्रश्नांत सरासरी साडेसात येतात. म्हणजे पंधरा वर्षं पोरांना अपूर्णांक शिकवणारी बाई गणितात जवळपास नशिबावर सोडून आली. आणि बालमानसशास्त्रात २२, ते तर ती रोज घरात प्रॅक्टिकल करते. :) जिद्द कमी असती तर सगळीकडेच कमी दिसली असती ना? ती फक्त गणितातच कशी कमी पडली?

उत्तर सोपं आहे. बाकीचे विषय तुकड्यातुकड्यात होतात. व्याकरणाचा एक नियम, पियाजेच्या चार अवस्था, एक व्याख्या, हे सगळं भाजीला फोडणी देता देता मनात घोळवता येतं. आणि असा तुकड्यांचा अभ्यास वाईट नसतो, बरं का. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचं संशोधन आलं होतं. एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा, वाचलेलं न बघता आठवून काढलं, तर आठवड्यानंतर ते जास्त लक्षात राहतं, असं त्यांना दिसलं. मधे मधे खंड पाडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा चांगली टिकते, हे तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे. थोडक्यात, लहान मूल असलेल्या आईचा अभ्यास नाइलाजाने जसा होतो, तसा पाठांतराच्या भागाला तो चालतो. ओट्यासमोर पाच प्रश्नांची चिठ्ठी लावायची, उत्तरं मागच्या बाजूला. एवढं पुरतं.

गणिताचं तसं नाही. काळ-काम-वेगाचं गणित अर्ध्यात सोडलं, धाकटीची शी धुतली, परत आलं की पहिल्यापासून. आपण प्रोग्रॅमर लोकांना हे कोणी सांगायला नको. डोक्यात पाच व्हेरिएबल धरून बग शोधत असतो आणि कोणीतरी खांद्यावर टकटक करून "दोन मिनिटं आहेत का?" विचारतं. त्या दोन मिनिटांची किंमत अर्धा तास. पॉल ग्रॅहमने २००९ मध्ये यावर एक छान निबंध लिहिला होता, करणाऱ्याचं वेळापत्रक आणि मॅनेजरचं वेळापत्रक. करणाऱ्याला अर्ध्या अर्ध्या दिवसाचे सलग तुकडे लागतात, मधली एक मीटिंग सगळी दुपार खाते, असा त्याचा मुद्दा. आपण तो वाचून माना डोलावल्या, हेडफोन घेतले, कॅलेंडरवर "फोकस टाईम" म्हणून चौकोन रंगवले. मग तेच लॉजिक घरातल्या आईला लावायला आपण विसरतो का?

ते टोमॅटोवालं तंत्रही तसंच. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी ते शोधलं, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून. तंत्र उत्तम आहे, मीही वापरतो. पण त्यात पंचवीस मिनिटं सलग मिळणारच हे आधीच धरलेलं आहे. दोन वर्षांच्या मुलीला ही अट कोण समजावणार?

आता आपल्या धंद्यातलाच एक शब्द वापरतो: ऑन-कॉल. प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्यांना माहीत आहे, रात्री दोनला सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार, हे नावानिशी ठरलेलं असतं. या आठवड्यात प्रायमरी अमुक, बॅकअप तमुक. "टीममधले सगळेच लक्ष ठेवतील" असं ठेवलं, की फोन कोणीच उचलत नाही, किंवा दर वेळी तोच एक बिचारा उचलतो. बहुतेक घरांत पोरांच्या बाबतीत दुसरा प्रकार चालतो. "आम्ही सगळे बघतोच की पोरांना!" बघतात, खोटं नाही. पण प्रायमरी ऑन-कॉल कायम आईच. ती पुस्तक घेऊन बसली तरी एक कान बाहेरच्या खोलीत. पोर रडलं की बाबा पहिल्यांदा म्हणतो, "जा, आईकडे जा." सुट्टी अशी तिला नसतेच.

हे फक्त ताईचं नाही. केंद्र सरकारचं वेळ-वापराचं सर्वेक्षण आहे, २०२४ सालचं. घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी स्वतःचीही नऊ वाचवून घेतली! :) दोघांमधलं २०१ मिनिटांचं अंतर जवळपास तसंच राहिलं. २०१ मिनिटं म्हणजे टीईटीचा एक पूर्ण पेपर, आणि वर तो तपासायला पन्नास मिनिटं. रोज!

"पण जिद्द असली की सगळं होतं. त्या आयांच्या बातम्या वाचत नाहीस का?" वाचतो ना. हरियाणातल्या सोनीपतच्या अनु कुमारी यूपीएससीच्या २०१७ च्या परीक्षेत देशात दुसऱ्या आल्या, मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो फोटो आणि "आईची जिद्द" हे हेडिंग खूप फिरलं. माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्या वेळच्या त्यांच्या मुलाखती पूर्ण वाचा. मुलाला त्यांनी आपल्या आईकडे ठेवलं होतं आणि स्वतः मावशीच्या घरी राहून अभ्यास केला. मुलापासून लांब राहण्याचं दुःख त्या स्वतःच सांगतात. म्हणजे जिद्द होतीच, पण सोबत एक आजी आणि एक मावशी होती. हेडिंगमध्ये त्या दोघी येत नाहीत.

आपल्याकडचं जुनं उदाहरण पार्वतीबाई आठवल्यांचं. विशीत वैधव्य आलं, पदरात मुलगा. पुढे त्या हिंगण्याच्या आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या, आश्रमासाठी देशभर निधी गोळा करत फिरल्या, इंग्रजी शिकायला अमेरिकेला जाऊन आल्या. पण त्यांचं शिक्षण सुरू झालं ते पुण्यात, बहीण बाया आणि मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने. सव्वाशे वर्षं झाली, फॉर्म्युला तोच आहे. शिकणाऱ्या आईमागे एक दुसरं मोठं माणूस लागतं, ज्याने मुलाची जबाबदारी खरोखर अंगावर घेतलेली असते.

आपण घरी बसून शिकायची सोय मात्र झकास केली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये सुरू झालं, ब्रीदवाक्यच "ज्ञानगंगा घरोघरी". लाखो लोक त्यामुळे पदवीधर झाले. आता तर मोबाईलवर सगळे क्लास. गंगा घरी आली, पण घागर भरायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि एका हातात पोर आहे. त्या हाताचा विचार विद्यापीठ करू शकत नाही, तो घरानेच करायचा आहे.

सरकारने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. आपल्यासारख्यांसाठी २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची अट आली. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत ५० कर्मचारी कुठून आणायचे? अंगणवाडी असते, पण तिथली बालवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि तीही काही तासच. संध्याकाळी सात वाजता, जेव्हा अभ्यासाला बसायचं, तेव्हा अंगणवाडी काय कामाची? शिक्षकांसाठी तालुक्याला टीईटीचे वर्ग निघाले, तर शेजारच्या खोलीत पोरांना सांभाळणारी एक बाई ठेवा, ही साधी मागणी मला मोटिव्हेशनल स्पीकर बोलावण्यापेक्षा महत्त्वाची वाटते. असो.

तर ताईकडे मग काय झालं? रडारड झाल्यावर एका रविवारी जेवताना तिने गुणांचा कागद भाऊजींसमोर ठेवला. म्हणाली, "गणितात चार वाढले की पास. मला भाषण नको, आठवड्यातून चार बैठका द्या." भाऊजी पतसंस्थेत आहेत, मार्चला मान वर करायला वेळ नसतो. तरीही ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री आठ ते साडेनऊ पोरं भाऊजींकडे. रविवारी सकाळी नऊ ते बारा सासूबाईंकडे, आणि त्यांचे गुडघे दुखले तर बॅकअप आमची काकू, ती भंडाऱ्याहून बसने येते. हे कॅलेंडरवर नावासकट लिहून फ्रीजवर लावलं. एकूण साडेसात तास. आठवड्याच्या १६८ तासांतले फक्त साडेसात, तेही मिळवायला घरात परिषद भरवावी लागली!

त्यातून तिघांना जे कळलं ते तुमच्याही कामाचं आहे, म्हणून लिहितो.

एक, आईने दार लावून आत बसण्यापेक्षा पोरांना घराबाहेर नेलेलं बरं. दोन वर्षांच्या बाळाला आई दाराआड आहे हे पक्कं कळतं, आणि ते दाराशीच बसून आळवतं. भाऊजी दोघांना स्कूटीवर घालून फिरवून आणतात, रविवारी आजी तलावाच्या पाळीवर नेते. पोरं खूष, आजी खूष.

दोन, ज्याच्याकडे ऑन-कॉल, त्याने फोन करून "हिचा टॉवेल कुठाय?" विचारायचं नाही. टॉवेल शोधणं हासुद्धा ड्यूटीचाच भाग आहे.

तीन, त्या बैठकीत फक्त गणित. वाचायचं, पाठ करायचं ते सगळं ओट्यावरच्या चिठ्ठ्यांना. सलग वेळ सोन्यासारखा, तो व्याख्या पाठ करण्यात घालवायचा नाही.

चार, बैठक बुडाली तर ती दुसऱ्या दिवशी भरून द्यायची. पोरं आजारी पडतात, ऑडिट येतं, लग्नं असतात. हिशोब आठवड्याचा ठेवायचा, रोजचा नाही. नाहीतर एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यावंसं वाटतं.

आणि गंमत बघा. तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन, स्वतःहून, रात्री पावणेदहाला. "अरे, नळ आणि टाकीची गणितं सुटायला लागली!" आवाजच वेगळा होता. मोटिव्हेशन म्हणतात ते हेच असावं. गणित सुटलं की ते आपोआप येतं, आणि गणित सुटायला सलग दीड तास लागतो. आपण क्रम उलटा लावून बसलोय. आधी उत्साह आण, मग अभ्यास कर, असं सांगतो. उत्साह न आल्यामुळे ती बाई स्वतःलाच आळशी समजायला लागते. या गैरसमजाने किती जणींनी फॉर्म भरायचं सोडलं असेल, देव जाणे.

ताई पास होईल का? माहीत नाही. निकालाने दिलेली मुदत ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंतची. पण पुढच्या वेळी ती गणिताचे प्रश्न सोडवून येईल, नशिबावर सोडून येणार नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही हिंजवडीत असाल, खराडीत, नाहीतर बंगलोरला. घरात कोणीतरी क्लाऊडचं सर्टिफिकेशन करतंय, कोणी मुक्त विद्यापीठातून एमबीए करतंय, कोणी बाळंतपणाच्या ब्रेकनंतर परत इंटरव्ह्यूची तयारी करतंय. तिला (किंवा त्यालाही, बाबा लोकही असतात) "तू करशील गं, मला विश्वास आहे" असं म्हणणं फुकट आहे आणि छान वाटतं. पण सोमवारी संध्याकाळी विश्वास पोराला भरवत नाही. फ्रीजवर कॅलेंडर असेलच. पेन घ्या आणि त्यावर तुमचं नाव, वार आणि वेळ लिहा. बॅकअपचं नाव खाली लिहा. मग फोन सायलेंटवर टाकून पोरांना घेऊन बाहेर पडा.

टॉवेल कुठाय ते आधीच बघून ठेवा म्हणजे झालं. :)